तयार कथाविश्वातला रोलप्लेइंग गेम: एलियन की कॉल ऑफ क्थुलू?

बर्डीकर
नागपुरात पाच जणांचा गट, रविवारी साडेतीन तास हाती. डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे एकाने कथा चालवायची आणि बाकीच्यांनी फासे टाकत आपापलं पात्र खेळायचं असा गेम, सगळ्यांना येतो. दोघांना एलियन सिनेमांचं आणि लव्हक्राफ्टच्या क्थुलू भयकथांचं, ही दोन्ही विश्वं तोंडपाठ, तिघं कोरे. काय घ्यावं? आणि जाणकार मंडळी मध्येच "असं नसतं तिथं" म्हणू लागली तर?

फुटाळा_७
एकाच बैठकीसाठी एलियन, त्यातही सिनेमॅटिक (सिनेमासारखी एकच कथा) प्रकार. पात्रं तयार मिळतात आणि प्रत्येकाला गुप्त हेतू असतो. विश्व माहीत नसलं तरी आपल्याला काय हवंय ते कोऱ्या खेळाडूला कळतं.

साधे सहा बाजूंचे फासे, दोन रंगांत दहा-दहा घ्या. ६ पडला की यश. पाच फाशांत एक तरी ६ पडण्याची शक्यता ६० टक्के. पात्रावरच्या ताणाचे, दुसऱ्या रंगाचे दोन फासे वाढले की ७२, पण त्या दोनांत कुठे १ पडून घबराटीचं दान टाकावं लागण्याची शक्यता ३१ टक्के. २०१९ च्या आवृत्तीची सगळी जान या गणितात आहे. दान पुन्हा टाकलं की ताण एकाने वाढवायचा. ते विसरलात तर भीतीच उरत नाही.

मोडीवाचक
भाऊ, तीन-चार रविवार जमत असतील तर क्थुलू. हा गेम १९८१ चा, मूळ काळ १९२० चं दशक, म्हणून गाव नागपूरच ठेवा. मध्य प्रांताची राजधानी, डिसेंबर १९२० चं काँग्रेस अधिवेशन, १९२३ चा झेंडा सत्याग्रह. मूळ कथांमधलं न्यू इंग्लंड कितीही पाठ असलं तरी नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यात ते कामी येत नाही. जाणकारांचा प्रश्न तिथंच मिटतो.

कौशल्यांत 'मोडी वाचन' वेगळं घाला. पण कथेचा मुख्य धागा दानावर टांगू नका. १ ते १०० च्या दानात कौशल्याच्या आकड्याइतके किंवा कमी पडले तरच यश; मोडी ४५ असलेल्याला ७१ पडले आणि खेळ अडला, तर चूक चालवणाऱ्याची. भोसलेकालीन कागदाचा आशय द्याच. तो एका रात्रीत लागला की चार दिवस गेले, एवढंच दानाने ठरू द्या. निम्मे, म्हणजे २२ किंवा कमी पडले तर समासातली दुसऱ्या हस्ताक्षरातली नोंदही दिसते.

एक नियम हमखास उलटा खेळला जातो. एका फटक्यात ५ किंवा जास्त सॅनिटी (मानसिक तोलाचे गुण) गेली की बुद्धीचं दान टाकायचं, आणि इथं यश मिळणं वाईट! काय पाहिलं ते पात्राला उमगतं, म्हणूनच ते भ्रमिष्ट होतं.

बर्डीकर
मोडीचं पटलं. डंजन्स अँड ड्रॅगन्सचा सात फाशांचा संच चालेल?

मोडीवाचक
चालेल. दहा बाजूंचे दोन असतात, एक दशकाचा, एक एककाचा. ०० आणि ० मिळून १००, म्हणजे सगळ्यात वाईट दान. बोनस दानाला (परिस्थिती अनुकूल असतानाच्या) दशकाचा आणखी एक लागतो, म्हणून दोन संच ठेवा. आधी फुकटचं क्विक-स्टार्ट (सुरुवातीपुरत्या नियमांची पुस्तिका) उतरवा. त्यातलं 'द हाँटिंग' हे कथानक बोस्टनच्या एका घरात घडतं. ते वाड्यात आणा, तळघर राहू द्या, आणि वर्तमानपत्रांची कात्रणं मराठीत लिहून छापून हातात द्या.