सोव्हिएत की अमेरिकी? अवकाश मोहिमांची कामगिरी आणि सुरक्षितता यांची तुलना कशी करावी?

मांडवीकर, बडोदे (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. आमच्या भागातील एका मराठी मंडळाने पुढील महिन्यात शालेय विद्यार्थ्यांसाठी वादविवाद स्पर्धा ठेवली आहे. दहावीत शिकणाऱ्या माझ्या मुलीच्या वाट्याला ‘अवकाश स्पर्धेत सोव्हिएत संघाची कामगिरी अमेरिकेपेक्षा सरस होती’ या विषयाची अनुकूल बाजू आली आहे. पहिला कृत्रिम उपग्रह स्पुतनिक, अवकाशात गेलेला पहिला माणूस गागारिन, पहिली स्त्री तेरेश्कोवा, यानाबाहेर पडलेला पहिला माणूस लिओनोव्ह ही नावे तिने टिपून ठेवली आहेत; परंतु समोरच्या बाजूने ‘मग चंद्रावर कोण उतरले?’ एवढेच विचारले, तर या साऱ्या यादीचे काय करायचे, हा तिचा पेच आहे.

दुसरी अडचण सुरक्षिततेची आहे आणि तिच्यावरून घरातच दोन तट पडले आहेत. माझे सासरे म्हणतात की सोव्हिएत राज्यकर्त्यांना माणसाच्या जिवाची किंमत नव्हती आणि अपघात झाले तरी ते दडपून ठेवीत. मुलीच्या बाबांचे म्हणणे असे की उड्डाणात सर्वाधिक अंतराळवीर अमेरिकेनेच गमावले, त्यांत आपली कल्पना चावलाही होती. दोघांच्या बोलण्यात तथ्य दिसते. अशा वेळी तुलना नेमकी कशाच्या आधारे करावी, हे जाणकारांनी सांगावे.

कमाटीबागेतील ताराप्रेमी

ताई, आपल्या मुलीने ‘पहिला कोण’ या यादीवर फार विसंबू नये, असे मी सुचवीन. ती यादी खरी आहे, पण तिच्यातील काही नोंदी भक्कम आहेत, तर काही केवळ देखाव्याच्या आहेत, आणि तयारीचा प्रतिस्पर्धी नेमक्या दुसऱ्या प्रकारच्या नोंदींवर बोट ठेवील.

आरंभीची आघाडी कशामुळे मिळाली, हे आधी समजून घ्यावे. सोव्हिएत अण्वस्त्रे वजनाने जड होती, त्यामुळे ती वाहून नेण्यासाठी मुख्य रचनाकार कोरोल्योव्ह यांच्या हाताखाली तयार झालेले आर-७ हे क्षेपणास्त्रही तितकेच बलवान करावे लागले. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी ८३.६ किलोग्रॅम वजनाचा स्पुतनिक वर गेला तो याच अग्निबाणाच्या जोरावर, आणि १२ एप्रिल १९६१ रोजी गागारिन यांनी १०८ मिनिटांची फेरी केली तीही त्याच्याच सुधारित रूपातून. आज रशियाचे माणसे नेणारे सोयूझ यान ज्या अग्निबाणावरून निघते, तो त्याच घराण्यातला आहे. साठ वर्षांहून अधिक काळ एकच मूळ रचना सुधारत नेणे ही माझ्या मते कोणत्याही ‘पहिल्या’ विक्रमापेक्षा मोठी कामगिरी आहे.

आता देखाव्याची नोंद पाहा. ऑक्टोबर १९६४ मधील वोस्खोद-१ हे तीन माणसे घेऊन जाणारे पहिले यान म्हणून गाजले. प्रत्यक्षात एका माणसासाठी बांधलेल्या वोस्तोक यानाच्या रचनेतच तिघांना बसवले होते. जागा व्हावी म्हणून बाहेर फेकले जाणारे आसन काढून टाकले, अंतराळ पोशाखही वगळले, आणि उड्डाणाच्या पहिल्या टप्प्यात काही बिघडले असते तर सुटकेचा कोणताच मार्ग उरला नव्हता. अमेरिकेचे दोन आसनांचे जेमिनी यान माणसे घेऊन निघण्याआधी तीन माणसे वर पाठवायची, एवढ्यासाठी हे साहस केले गेले. पुढल्या मार्चमध्ये लिओनोव्ह यानाबाहेर पडले, तेव्हा पोकळीत त्यांचा पोशाख इतका फुगला की आतली हवा सोडून दिल्यावरच त्यांना परत आत शिरता आले. तो चमत्कार खराच, पण हातभर अंतरावरून हुकलेला अपघातही तितकाच खरा.

मुलीची बाजू खरी बळकट होते ती मानवरहित मोहिमांमध्ये आणि अवकाशस्थानकांमध्ये. चंद्राची पलीकडची बाजू प्रथम १९५९ मध्ये लुना-३ या सोव्हिएत यानाने दाखवली. चंद्रावर पहिले अलगद अवतरण १९६६ मध्ये लुना-९ ने केले. १९७० मध्ये लुना-१६ ने एकही माणूस न पाठवता चंद्राची माती आणली आणि त्याच वर्षी लुनोखोद ही गाडी तेथे फिरली. शुक्रावर तर सोव्हिएत यानांना जोडच नाही: १९७० मध्ये व्हेनेरा-७ तेथे उतरले आणि १९७५ मध्ये व्हेनेरा-९ ने पृष्ठभागावरून छायाचित्र पाठवले, तेही शिसे वितळेल अशा उष्णतेत. त्यानंतर साल्यूत या अवकाशस्थानकांची मालिका आणि मीर हे स्थानक. डॉक्टर असलेले पोल्याकोव्ह मीरवर सलग ४३७ दिवस राहिले, आणि एकाच उड्डाणातील मुक्कामाचा तो उच्चांक अजून मोडलेला नाही.

‘चंद्रावर कोण उतरले’ या प्रश्नाला बगल देऊ नये. अमेरिका उतरली आणि सोव्हिएत संघाला उतरायचे असूनही जमले नाही. त्यांच्या एन-१ अग्निबाणाच्या पहिल्या टप्प्यात ३० इंजिने होती. १९६९ ते १९७२ या काळात तो चार वेळा उडवला आणि चारही वेळा निकामी झाला. हे सरळ मान्य करून मग शुक्राकडे आणि मीरकडे वळावे. परीक्षकांना ते अधिक पटेल.

नंदेसरीकर

एका रासायनिक कारखान्याच्या सुरक्षा विभागातून निवृत्त झालो आहे, त्यामुळे मी फक्त दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो.

मृतांची नुसती बेरीज करून सुरक्षितता मोजता येत नाही. उड्डाण करणाऱ्या सोयूझ यानांमध्ये दोन अपघातांत चार माणसे गेली. अमेरिकेच्या स्पेस शटल या पुन्हापुन्हा वापरल्या जाणाऱ्या यानाच्या दोन अपघातांत चौदा गेली. यावरून शटल साडेतीन पट धोकादायक होते असे म्हणणे चूक आहे, कारण शटलमध्ये सात जण बसत आणि सोयूझमध्ये फार तर तीन. उड्डाणे मोजली तर शटलची १३५ झाली आणि सोयूझची समानव उड्डाणे दीडशेच्या पुढे गेली आहेत. दोन्हीकडे जीवघेणी उड्डाणे दोनच, म्हणजे प्रमाण जवळपास सारखे. मात्र कालक्रम लावून पाहिले की चित्र बदलते. सोयूझचे दोन्ही मृत्युकारी अपघात १९६७ आणि १९७१ चे, म्हणजे यान नवे असतानाचे. त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षांत त्या यानात कोणी दगावलेले नाही. शटलचे अपघात पंचविसाव्या (चॅलेंजर, १९८६) आणि एकशे तेराव्या (कोलंबिया, २००३) उड्डाणात झाले, म्हणजे यंत्रणा हातात बसली असे सर्वांना वाटत असताना.

१९७१ चा सोयूझ-११ चा अपघात आमच्या क्षेत्रातील माणसाला फार काही शिकवतो. दोब्रोवोल्स्की, वोल्कोव्ह आणि पात्सायेव्ह हे तिघे साल्यूत-१ वर तीन आठवडे राहून परतत होते. यानाचे भाग एकमेकांपासून सुटताना बसलेल्या हिसक्याने हवेचा दाब समतोल करणारी एक झडप उघडली. ती जमिनीपासून काही किलोमीटर उंचीवर आल्यावर उघडायची होती, उघडली सुमारे १६८ किलोमीटरवर. तिघांपैकी कोणाच्याही अंगात दाबाचा पोशाख नव्हता, कारण तो घालून तिघे मावत नसत. माणसे बसलेली कुपी (कॅप्सूल) आपोआप व्यवस्थित उतरली आणि दार उघडल्यावर आत तिघे मृत आढळले. त्यानंतर पुढील अनेक वर्षे सोयूझमधून दोघांनाच, तेही सोकोल हा दाबाचा पोशाख घालून, पाठवण्यात आले. म्हणजे एक माणूस कमी करून त्याच्या जागी सुरक्षितता बसवली. वोस्खोदच्या वेळी केले होते त्याच्या नेमके उलट. ‘जिवाची किंमत नव्हती’ हे आपल्या सासऱ्यांचे मत १९६४ पुरते मला मान्य आहे, १९७१ नंतरच्या काळाला ते लागू पडत नाही.

दडपून ठेवण्याविषयी मात्र ते पूर्णपणे बरोबर आहेत. गागारिन यांच्या उड्डाणाच्या तीन आठवडे आधी, २३ मार्च १९६१ रोजी, बोंदारेन्को हा चोवीस वर्षांचा प्रशिक्षणार्थी ऑक्सिजनचे प्रमाण वाढवलेल्या कक्षात लागलेल्या आगीत भाजून मरण पावला. अल्कोहोलचा बोळा तापलेल्या शेगडीवर पडला होता. ही गोष्ट १९८६ पर्यंत बाहेर आली नाही. गागारिन यानातून बाहेर पडून स्वतंत्र पॅराशूटने उतरले, हेसुद्धा अनेक वर्षे लपवले गेले.

पुढे २७ जानेवारी १९६७ रोजी अमेरिकेच्या अपोलो-१ यानाच्या जमिनीवरील सरावात ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी हे तिघे शुद्ध ऑक्सिजनमध्ये लागलेल्या आगीत मरण पावले. बोंदारेन्कोची बातमी कळली असती तर ते वाचले असते, असे पुष्कळदा म्हटले जाते. मला ते पटत नाही. अमेरिकेच्या स्वतःच्या चाचणी कक्षांतही ऑक्सिजनच्या आगी लागून गेल्या होत्या आणि धोका ठाऊक होता. तरीही अग्निबाणात इंधन भरलेले नाही म्हणून ती चाचणी ‘धोकादायक’ वर्गात धरलीच नव्हती, यानातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा अधिक ठेवला होता आणि दार आतल्या बाजूला उघडणारे होते, त्यामुळे वाढलेल्या दाबाने ते उघडताच येईना. ‘इंधन नाही, मग धोका कसला’ हे वाक्य मी कारखान्यात इतक्या वेळा ऐकले आहे की त्या चौकशी अहवालातील हा भाग वाचताना मला मुळीच नवल वाटले नाही.

चॅलेंजरच्या उड्डाणाच्या आदल्या रात्री बूस्टर (शटलला वर ढकलणारे बाजूचे अग्निबाण) बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी थंडीत ओ-रिंग, म्हणजे सांधे बंद ठेवणाऱ्या रबरी कड्या, ताठरतील, उड्डाण करू नका, असे स्पष्ट सांगितले होते. त्यांच्याच व्यवस्थापनाने तो सल्ला फिरवला. कोलंबियाच्या वेळी इंधनटाकीवरील उष्णतारोधक फेसाचा तुकडा पंखावर आदळल्याचे चित्रफितीत दिसले होते, अभियंते कक्षेतील छायाचित्रे मागत होते, पण ती मागणी वरपर्यंत टिकली नाही, कारण फेस सुटणे हे आधीच्या उड्डाणांत नेहमीचे होऊन बसले होते. भौतिकशास्त्रज्ञ फाइनमन यांनी चॅलेंजरच्या चौकशीत नोंदवले आहे की अपघाताची शक्यता व्यवस्थापक एक लाखात एक सांगत, तर प्रत्यक्ष काम करणारे अभियंते शंभरात एकाच्या आसपास धरीत. सोव्हिएत व्यवस्था जगापासून माहिती लपवीत होती. अमेरिकी व्यवस्थेत माहिती इमारतीतच होती आणि तरी निर्णय घेणाऱ्याच्या टेबलावर तिला वजन मिळाले नाही. फरक इतकाच की अमेरिकेत नंतर उघड चौकशी झाली आणि म्हणूनच हे सर्व मला येथे लिहिता येत आहे.

रावपुऱ्याचा वाचक

नंदेसरीकर काकांच्या मांडणीविषयी आदर ठेवून मला थोडी वेगळी बाजू मांडायची आहे. सोयूझ आणि शटल यांची तुलनाच मुळात असमान आहे. सोयूझ तीन माणसांना वर नेते आणि खाली आणते. शटलने हबल दुर्बीण वर नेली, ती तेथेच दुरुस्त केली आणि आंतरराष्ट्रीय स्थानकाचे प्रचंड भाग जोडले. अधिक अवघड काम करणाऱ्याचा धोका अधिक असणारच.

कामगिरीबाबतही ताराप्रेमींनी शुक्र दाखवला आणि बाकीची सूर्यमाला झाकून ठेवली. मंगळावर सोव्हिएत मार्स-३ १९७१ मध्ये उतरले खरे, पण काही सेकंदांतच गप्प झाले. अमेरिकेची दोन्ही व्हायकिंग याने १९७६ पासून तेथे वर्षानुवर्षे काम करीत राहिली. गुरू आणि त्यापलीकडे तर सोव्हिएत यान कधी गेलेच नाही. चंद्रावरून अपोलोच्या सहा मोहिमांनी ३८२ किलोग्रॅम दगडमाती आणली, तर लुनाच्या तीन यानांनी मिळून सुमारे ३०० ग्रॅम. अपोलो-१३ ची ऑक्सिजनची टाकी चंद्राच्या वाटेवर फुटूनही तिघे परत आले, ही गोष्ट सुरक्षिततेच्या हिशेबात कोणत्या रकान्यात धरणार?

मांडवीकर, बडोदे

सर्वांचे मनापासून आभार. मुलीने शुक्र आणि मीर यांवर भर द्यायचे ठरवले आहे. एक शंका राहते. शटलमध्ये सुटकेची सोय नव्हती आणि सोयूझमध्ये होती, असे तिने कोठेतरी ऐकले आहे. ते खरे आहे का, आणि राकेश शर्मा गेले त्या यानाबाबत असे काही घडले होते का?

नंदेसरीकर

होय, खरे आहे, आणि रावपुऱ्याच्या वाचकांना माझे उत्तरही यातच आहे. काम अवघड होते हे मान्य, परंतु बूस्टर पेटल्यानंतरच्या दोन मिनिटांत शटलमधून सुटण्याचा मार्गच ठेवला नव्हता, आणि हा रचनेचा निर्णय होता. सोयूझच्या टोकावर एक छोटा घन इंधनाचा अग्निबाण असतो, जो संकटसमयी कुपी उचलून दूर नेतो. (अपोलो-१३ मी अमेरिकेच्या जमेच्या रकान्यात धरतो, निःसंकोचपणे.)

२६ सप्टेंबर १९८३ रोजी तितोव्ह आणि स्त्रेकालोव्ह यानात बसलेले असताना उड्डाणतळावरच अग्निबाणाला आग लागली. आदेश वाहून नेणाऱ्या तारा जळून गेल्या, म्हणून जमिनीवरील नियंत्रकांनी रेडिओने आज्ञा दिली; कुपी वर उचलली गेली आणि पुढच्या काही सेकंदांत खालचा अग्निबाण फुटला. दोघे काही किलोमीटरवर सुखरूप उतरले. त्यांतील स्त्रेकालोव्ह हेच ३ एप्रिल १९८४ रोजी सोयूझ टी-११ मध्ये मालिशेव्ह आणि आपले राकेश शर्मा यांच्यासोबत निघाले. जेमतेम सहा महिन्यांपूर्वीचा तो स्फोट सोव्हिएत सरकारने त्या वेळी जाहीर केलेला नव्हता.

आपल्या गगनयानात हीच सोय ठेवली असून तिची उड्डाणातील पहिली चाचणी २१ ऑक्टोबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून यशस्वी झाली. शुभांशु शुक्ला २०२५ मध्ये ज्या अमेरिकी ड्रॅगन यानातून गेले, त्यातही बचावाची इंजिने कुपीच्या अंगातच बसवलेली आहेत. मुलीला वेळ मिळाल्यास १९७५ च्या सोयूझचेही सांगता येईल: अग्निबाणाचा दुसरा व तिसरा टप्पा एकमेकांपासून नीट सुटले नाहीत, लाझारेव्ह आणि माकारोव्ह यांनी वीस जी (स्वतःच्या वजनाच्या वीस पट) पेक्षा अधिक भार सोसला आणि ते अल्ताईच्या बर्फाळ डोंगरउतारावर उतरले, पण जिवंत उतरले.