कव्हर गाण्यांचा अल्बम एकसंध कसा होतो?

प्रश्न :
नमस्कार. आमचा पुण्यातील इंडी रॉक बँड असून आजवर आम्ही स्वतःचीच गाणी ध्वनिमुद्रित केली आहेत. ‘यो ला टेंगो’ या अमेरिकी बँडचा १९९० सालचा ‘फेकबुक’ ऐकल्यापासून इतरांच्या गाण्यांचा, म्हणजे कव्हर गाण्यांचा, अल्बम करण्याची फार इच्छा आहे. मात्र नुसती आवडती गाणी एकत्र केली, तर तो ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम वाटेल अशी भीती वाटते. ‘फेकबुक’ तसा का वाटत नाही?

उत्तर १ :
माझ्या मते त्याचे कारण निवडीपेक्षा वादनात आहे. गिटारच्या गोंगाटासाठी ओळखल्या जाणाऱ्या या न्यू जर्सीच्या बँडने त्या अल्बममध्ये आवाज जाणीवपूर्वक खाली आणला, जुने सहकारी डेव्ह श्रॅम यांना गिटारसाठी परत बोलावले आणि ब्रिटिश बँड किंक्सपासून अमेरिकी गायक डॅनियल जॉन्स्टनपर्यंतची गाणी त्याच हळुवार, बहुतांशी अकूस्टिक वाद्यमेळात बसवली. शिवाय स्वतःची जुनी गाणीही त्यांनी तशीच नव्याने वाजवली. त्यामुळे आपले आणि परके हा भेद ऐकताना उरत नाही, आणि मला तर हीच त्या अल्बमची सर्वांत मोठी कमाई वाटते. आपणही आधी वाद्यमेळ ठरवावा, गाण्यांची यादी नंतर करावी.

उत्तर २ :
सहमत आहे. फक्त अनवट गाणीच घ्यावीत असा आग्रह मात्र धरू नये. याच बँडने २०१५ मध्ये ‘स्टफ लाइक दॅट देअर’ हा त्याच धर्तीचा अल्बम केला, तेव्हा त्यात ‘द क्युअर’ या ब्रिटिश बँडचे ‘फ्रायडे आय अॅम इन लव्ह’ हे सर्वतोमुखी असलेले गाणेही घेतले. ‘यो ला टेंगो’च्या गायिका व ड्रमवादक जॉर्जिया हबली यांनी ते इतक्या संथ, संकोची स्वरात गायले आहे की मूळ गाण्यातील उत्साहाखालची हुरहुर प्रथमच ऐकू येते.

उत्तर ३ :
परवानगीचा विचारही आताच करावा. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१सी नुसार, पहिले ध्वनिमुद्रण ज्या वर्षी झाले ते वर्ष संपल्यानंतर पाच कॅलेंडर वर्षे उलटल्याशिवाय कव्हर करता येत नाही, पूर्वसूचना व आगाऊ रॉयल्टी द्यावी लागते आणि तांत्रिकदृष्ट्या आवश्यक नसलेला बदल मालकाच्या संमतीविना चालत नाही. अमेरिकी कायदा मूळ चाल आणि गाण्याचा गाभा राखून आपल्या शैलीनुसार वाद्यरचना करू देतो. आपल्याकडे तेवढी मोकळीक नाही. गाणे पूर्णपणे नव्या रूपात मांडायचे असेल, तर स्टुडिओ ठरवण्यापूर्वी हक्कधारकांची लेखी संमती घ्यावी.