मदत हवी आहे: माडग्याळ कोकरं वाढेनात, पेंड परवडेना

मंडळी, नमस्कार. मी जत तालुक्यातला. घरची माडग्याळ जातीची मेंढरं आहेत. यंदा 14 नर कोकरं विकायला मागं ठेवलीत. चार महिन्यांची झाली, काट्यावर सरासरी 16 किलो भरतात आणि गेले तीन आठवडे तिथंच अडकलीत. पोटं डेऱ्यासारखी दिसतात, पण पाठीवरून हात फिरवला की मणके बोटाला लागतात.

रान वाळलंय, म्हणून वाड्यातच बांधून खायला घालतो. दोन वेळा कडब्याची कुट्टी आणि प्रत्येकी 150 ग्रॅम मक्याचा भरडा. शेंगपेंड परवडेना म्हणून बंद केली. तुरीचं भुसकट मात्र ढीगभर पडलंय, बांधाला सुबाभूळ आहे. पेंडीशिवाय यावर भागेल का? कडब्याला युरिया लावून दिला तर या वयात चालतो का?

मागच्या महिन्यात एका कोकरानं भरड्याचं पोतं फोडून खाल्लं आणि रात्रीत गेलं. आईनं बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं त्याला. आता अंदाजानं काही घालायचा धीर होत नाही. कृपया जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद:

दादा, वाचून वाईट वाटलं. युरिया आधी डोक्यातून काढा, सहा महिन्यांच्या आतल्या कोकरांना तो नको.

तुमच्याकडं कमी पडतंय ते प्रथिन. कडब्यात ते जेमतेम 3-4 टक्के, मक्यात 9 च्या आसपास. पोटातल्या, चारा पचवणाऱ्या सूक्ष्म जंतूंना प्रथिन मिळालं नाही की कडबा लवकर पचत नाही, पोट भरलेलंच राहतं आणि कोकरू पुढचं खात नाही. डेरा दिसतो तो त्याचाच. जंताचं औषध राहिलं असेल तर तेही डॉक्टरांना विचारून द्या.

पाला आणि शेंगांची फोलं असलेल्या तुरीच्या भुसकटात 9-10 टक्के प्रथिन मिळतं. 16 किलोच्या कोकराला दिवसाला कडब्याऐवजी 450 ग्रॅम भुसकट, 75 ग्रॅम शेंगपेंड, 75 ग्रॅम भरडा धरा. एकूण प्रथिन 13 टक्क्यांच्या आसपास जातं, या वयाला तेवढं पुरे. म्हणजे भरडा निम्मा करून वाचलेले पैसे पेंडीला लावायचे. पेंड फोडून वास घ्या, बुरशीची असेल तर स्वस्त मिळाली तरी नको.

सुबाभूळ सुकवून द्या, पण एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत. जास्त झाली तर लोकर गळते. ती अंगी लागली की पेंड थोडी कमी करून बघता येईल.

बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करा. आंत्रविषाराची लस झाली नसेल तर त्याआधी टोचून घ्या. एकदम भरडा खाल्ल्यावर कोकरं या रोगानंही जातात. आणि पंधरा दिवसांनी सकाळी, चारा टाकायच्या आधी, त्याच काट्यावर वजन करून इथं कळवा.