सिझेरियनचा वण उंच झालाय : लेसर कोणता, कधी, आणि इंजेक्शन आधी की नंतर?

वेंगुर्ला_बंदर

आठ महिन्यांपूर्वीचं सिझेरियन, आडवा छेद. वण १२ सेंमी लांब, मधला ५ सेंमी भाग साधारण ४ मिमी उंच, लालसर-जांभळा. रात्री खाजतो. टाक्यांच्या रेषेबाहेर गेलेला नाही. कातडी सावळी, बाळ अजून अंगावर पितं. काम काजूच्या कारखान्यात, बी फोडण्याचं. सिलिकॉनची पट्टी पंधरा दिवस लावली, घामोळं उठलं म्हणून सोडली. लेसर आत्ता करावा की वर्ष होऊ द्यावं? कोल्हापूर किंवा पणजी गाठावं लागेल, तेव्हा फेऱ्या किती धरायच्या?

लेसर_रूम

रेषेत राहिलाय म्हणजे हायपरट्रॉफिक वण, कीलॉइड नव्हे. कीलॉइड शेजारच्या चांगल्या कातडीवर चढत जातं, आपणहून बसत नाही. हा वर्ष-दीड वर्षात थोडा उतरेलही, पण खाज नि लाली असताना थांबण्यात फायदा नाही. लाली म्हणजे आत बारीक रक्तवाहिन्या भरलेल्या आहेत, आणि पल्स्ड डाय लेसर नेमक्या त्यांच्यावरच चालतो. ५९५ नॅनोमीटरचा प्रकाश हिमोग्लोबिन शोषतं, वाहिनी आतून भाजून बंद होते, लाली आणि खाज उतरते.

पण हा प्रकाश जेमतेम मिलिमीटरभर खोल पोचतो. ४ मिमीचा उंचवटा एकट्या त्याने बसायचा नाही. 'दोनदा लेसर केला, रंग गेला, गाठ तशीच' ही तक्रार येते ती इथून. मधल्या ५ सेंमीला ट्रायमसिनोलोनची, म्हणजे वण बसवणाऱ्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनची, जोड हवीच.

एकाच दिवशी दोन्ही करायचं तर लेसर आधी, सुई नंतर. औषध भरलं की वण पांढरा पडतो, रक्त बाजूला सरतं, मग लेसरने पकडायचं काय? सुईचं म्हणाल तर १ मिलीची लुअर-लॉक (सुई पिळून घट्ट बसणारी) सिरिंज घ्यावी, ३० गेजची बारीक सुई. साध्या सिरिंजवरची सुई कडक वणात दाबाने निसटते आणि औषध उडतं. १० ते ४० मिग्रॅ प्रति मिली यातली ताकद जाडीवर ठरते. मऊ पडत गेला की कमी करायची. औषध गाठीच्या आतच राहिलं पाहिजे. खाली चरबीत उतरलं तर तिथे खळगा पडतो, बाजूला पसरलं तर पांढरा डाग. पाळी काही काळ पुढेमागे होऊ शकते, हे आधीच सांगून ठेवावं.

ट्रायमसिनोलोनमध्ये ५-फ्लुरोयुरासिल (पेशींची वाढ रोखणारं औषध) मिसळून देण्याची पद्धत चांगली आहे, पण बाळ पितंय तोवर ते नको.

सावळ्या कातडीत मेलॅनिन, म्हणजे कातडीचा रंग, हेही तोच प्रकाश खातं. म्हणून ऊर्जा कमी, पल्स जरा लांब, थंडाव्याचा फवारा चालू, आणि सुरुवातीला एका टोकाला दोन-तीन शॉट मारून ४ आठवडे वाट बघणं. घाईने पूर्ण ताकद लावली की फोड येतो नि मागे काळा पट्टा राहतो, तो जायला महिने लागतात. शॉटनंतरचं जांभळेपण ७ ते १० दिवसांत जातं, त्याला घाबरू नका.

फेऱ्या: दर ४ ते ६ आठवड्यांनी, ३ ते ६ वेळा. एवढ्यावर लाली गेली पण कडकपणा उरला, तर फ्रॅक्शनल सीओटू (वणात बारीक ठिपक्यांची भोकं पाडणारा लेसर), ८ ते १२ आठवड्यांच्या अंतराने. त्यात घनता, म्हणजे ठिपक्यांनी व्यापलेली कातडी, ५ टक्क्यांच्या आसपासच ठेवायला सांगा. पोटाच्या कातडीत केसांची मुळं चेहऱ्यापेक्षा विरळ, आणि नवी कातडी तिथूनच उगवते. चेहऱ्याचं सेटिंग पोटावर वापरलं की वणावर दुसरा वण.

वेंगुर्ला_बंदर

मधली इंजेक्शनं इथल्याच त्वचेच्या डॉक्टरकडे चालतील ना? आणि 'लेसर' अशी पाटी तर आता सगळीकडेच दिसते.

लेसर_रूम

चालतील. तारीख, ताकद आणि किती मिली दिलं हे एका कागदावर लिहून घ्या, पुढच्या फेरीला तो कागद लागतो. पाटीवर जाऊ नका. फोनवर यंत्राची तरंगलांबी विचारा. ५८५ किंवा ५९५ म्हणाले तर डाय लेसर, १०६०० म्हणाले तर सीओटू. ८१० चा डायोड केस काढायचा, या कामाचा नाही. १०६४ चा लाँग-पल्स एनडी-याग सावळ्या कातडीला तुलनेने सोसतो, डाय लेसर नसेल तर त्याचा विचार करावा. क्यू-स्विच गोंदण काढायचं यंत्र आहे, तेही नको.

सुईण_आजीची_नात

पट्टी सुटली ती दमट हवेमुळे. पहिल्याच दिवसापासून २४ तास लावली की एप्रिल-मेत घामोळं येणारच. आधी ४ तास, मग रोज थोडं वाढवत १२ च्या वर न्यायचं. वणापेक्षा चारी बाजूंनी अर्धा सेंमी मोठी कापा. रोज सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवा, फडक्याने पुसू नका, तंतू चिकटतात. तरी उठलंच तर सिलिकॉन जेल पातळ चोळून वाळू द्या. दोन-तीन महिने नेमाने केलं तरच फरक दिसतो. लेसरनंतर मात्र खपली पूर्ण पडेपर्यंत पट्टी बंद, नुसतं पेट्रोलियम जेली.

परकराची नाडी वणावर येत असेल तर वर किंवा खाली घ्या. रोजच्या घासण्याने खाज परत चाळवते.

आता काजू. टरफलातलं तेल चांगल्या कातडीलाही भाजतं, लेसरने उघडी झालेली कातडी तर विचारूच नका. हाताचं तेल कमरेला लागतं ते नाडी सोडताना, लघवीला जाताना. लेसरनंतर निदान दोन आठवडे बी फोडायचं काम नको, पॅकिंगला बसवा. आंब्याचा चीक आणि बिब्बा त्याच कुळातले. 'वणावर बिब्बा लाव, बसेल' असं सांगणारं कोणीतरी वाडीत असतंच. त्याने फोड येऊन वण रुंद होतो.

दापोली_किनारा

एक राहिलं. भूल देणारं मलम घरून जाडसर थापून, प्लास्टिक गुंडाळून प्रवासाला निघू नका. त्यातलं भुलीचं औषध लिग्नोकेन जास्त जागेवर, जास्त वेळ राहिलं तर रक्तात उतरतं. दवाखान्यात पोचल्यावर, फक्त वणापुरतं, ते सांगतील तेवढाच वेळ.