विषय: तिळगुळाच्या डब्या लहान छापल्या जातायत, तातडीचं

मंडळी,
वहिनींच्या बहिणीने पुण्याहून डबीची फाइल पाठवलीय. इथे छापली की ५ सेंटिमीटरची बाजू ४.७ भरते. दोन वड्या आणि हलव्याची पुडी त्यात बसत नाही. हळदीकुंकू रविवारी आहे. मागून कागद घालायचा प्रिंटर ज्यांच्याकडे आहे, त्यांनी आजच कळवा.
माई

---

माई, फाइल ए-फोरची (भारतातलं माप), आपला कागद लेटर (इथलं, अमेरिकी माप). ए-फोर २१० बाय २९७ मिलिमीटर, लेटर २१६ बाय २७९. उंची १८ मिलिमीटर कमी पडते, म्हणून ‘फिट टू पेज’ सगळी डबीच सहा टक्क्यांनी आक्रसवतं. ‘ॲक्चुअल साइझ’ निवडा. तेवढ्याने खालची चिकटवायची पट्टी कापली जाईल, तेव्हा आधी फाइलमध्ये ती पट्टी बाजूला हलवायला हवी. ते काम मी करतो. कोपऱ्यात ५ सेंटिमीटरची रेघही टाकतो. आधी साध्या कागदावर छापा, रेघ फूटपट्टीने मोजा, मगच जाड कागद घाला.
अण्णा

---

जाड कागद म्हणजे कुठला ते ठरवा आधी. गेल्या वेळी ‘११० पौंड’ बघून गठ्ठा आणला गेला आणि डब्या पोचट झाल्या. तो इंडेक्स कागद होता, म्हणजे जेमतेम २०० जीएसएम (एका चौरस मीटरचं वजन, ग्रॅममध्ये). ८० पौंडी कव्हर त्याहून जाड, साधारण २१६. पौंडाचा आकडा ५०० ताव वजन करून काढतात, पण तावाचं माप प्रत्येक प्रकारात वेगळं. कव्हरचा ताव २० बाय २६ इंच, इंडेक्सचा २५.५ बाय ३०.५. म्हणून पुड्यावर जीएसएम वाचून घ्या. कागदाची खरेदी दरवर्षी माझ्याकडे असते, या वेळीही मीच आणतो, कृपया कोणी परस्पर आणू नये.
भाऊ

---

भाऊ, कागद आणा, पण लेझरवर छापू नका. भाचीच्या लग्नाच्या पाकिटांना घडीवर टोनरचे पापुद्रे सुटले होते, गडद मरून रंग आणि मधे पांढरी रेघ. लग्नघरात रात्री बसून आम्ही त्यावर सोनेरी फीत चिकटवली. घडीवर गडद रंगच नको. संपलेल्या बॉलपेनने फूटपट्टी धरून आधी रेघ दाबायची, मग दुमडायचं. कागद तंतूंच्या दिशेने नीट दुमडतो हे खरं, पण डबीला घड्या आडव्याही आणि उभ्याही, त्यामुळे प्रत्येक घडी दाबावीच लागते.
वहिनी

---

डब्यांवर नावं छापणार असाल तर यादी मला द्या, मेल मर्जने प्रत्येक डबीवर वेगळं नाव येईल. यादी युनिकोडमध्ये हवी. मंडळाची जुनी यादी युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधली आहे, ती उघडली की नुसती रोमन अक्षरं दिसतात. आणि छापायला पीडीएफच पाठवा, फॉन्ट आत घालून, नाहीतर दुसऱ्याच्या संगणकावर ‘घ्या’चं ‘घ्‌या’ होतं.
अण्णा

---

अण्णा, नावं शाळेची मुलं हाताने लिहितात. हे मागच्या सभेत ठरलं होतं आणि मुलांनी त्यासाठी जोडाक्षरांचा सराव केलाय. ‘ज्योत्स्ना’ लिहिता आल्यावर आमचा एक मुलगा वर्गात उभा राहून सगळ्यांना दाखवत होता. ते काम प्रिंटरला देऊ नये. डबीवर पांढरी चौकट तेवढी मोकळी ठेवा. शाई पसरणार नाही असा कागद आणा, चकचकीत फोटो कागदावर स्केचपेन पुसलं जातं.
ताई, शाळा

---

ताईंचं बरोबर आहे. चौकट ठेवतो. ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ तेवढं छापू.
अण्णा

---

मग लीगल कागद का नाही घ्यायचा? तो ३५६ मिलिमीटर उंच असतो, ए-फोर आख्खं बसेल, फाइल हलवायलाच नको.

---

लीगलमध्ये जाड कागद दुकानात सहसा नसतो. मी बघून आलोय.
भाऊ

---

ठरलं तर मग. अण्णांची दुरुस्त फाइल, भाऊंचा कागद, छपाई वहिनींच्या इंकजेटवर, नावं शाळेची. मागच्या खाचेतून कागद एकेक घाला, पुढच्या ट्रेमधून तो उलटा वळतो आणि जाड असला की अडकतो.
छापील कागदाला वडी थेट लागू द्यायची नाही, आत बटर पेपर हवाच. तो कोण आणतंय? शनिवारी दुपारी सगळे माझ्याकडे, स्वतःची कात्री घेऊन.
माई