मदत हवी आहे: घरात शंभर वर्षे टिकलेल्या वस्तू आमच्या संग्रहालयात का खराब होत आहेत?

नमस्कार.

दापोली तालुक्यातील खाडीकाठच्या एका गावात सार्वजनिक वाचनालयाच्या माडीवर आम्ही एक लहान संग्रहालय चालवतो. २०१८ साली गावातील आणि आसपासच्या वाड्यांवरील घरांनी दिलेल्या वस्तूंवर ते उभे राहिले. आज नोंदवहीत सुमारे ६०० वस्तू आहेत. हातकागदावरच्या पोथ्या, मोडी कागदांचे तेरा रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे), सावंतवाडीच्या गंजिफांचा (हाताने रंगवलेल्या खेळण्याच्या पत्त्यांचा) एक अपुरा संच, तलवारी आणि कट्यारी, तांब्यापितळेची भांडी, एक ताम्रपट, जरीची वस्त्रे, गलबतांच्या दोन लाकडी प्रतिकृती आणि बरीच जुनी छायाचित्रे त्यांत आहेत. मी निवृत्त शिक्षक असून संग्रहाची देखभाल मानद म्हणून पाहतो. वाचनालयातील एक कर्मचारी ताई दुपारी दोन तास मदतीला असतात. आम्हा दोघांपैकी कोणीही संग्रहालयशास्त्र शिकलेले नाही.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी कपाटे उघडली, तेव्हा आत कोंदट वास भरलेला होता. चामड्याच्या बांधणीवर पांढरी बुरशी होती, दोन पोथ्यांची पाने एकमेकांना चिकटली होती, गंजिफांच्या कडा कसरीने कुरतडल्या होत्या आणि ताम्रपटावर फिकट हिरवी भुकटी आली होती. गंजिफांना चिंचोक्याची खळ असते, त्यामुळे कसर तिथेच का गेली हे समजते. बाकीच्या वस्तूंचे मात्र मला कोडे पडले आहे, कारण यातली बहुतेक चीजवस्तू त्या त्या घरात शंभर-दीडशे वर्षे सुखरूप होती. चिकटलेल्या पोथ्यांपैकी एक पोथी ज्या घरातून आली, तिथे ती चुलीवरच्या माळ्यावर, लाकडी पेटीत, सुती रुमालात बांधलेली असे. ती देणाऱ्या आजी गणपतीत मुंबईहून आलेल्या आपल्या नातवाला पोथी दाखवायला घेऊन आल्या आणि मला ती उघडता आली नाही. "आमच्याकडे धुरात होती तेव्हा बरी होती," एवढेच त्या म्हणाल्या. तेव्हापासून हा विषय माझ्या मनातून जात नाही.

इमारतीविषयी थोडे सांगायला हवे. भिंती जांभ्याच्या आहेत. मूळचा चुन्याचा गिलावा काढून पूर्वी कधीतरी सिमेंटचा गिलावा आणि वर ऑइलपेंट केला आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात मंगलोरी कौले उडाली, म्हणून छपरावर पत्रे घातले. तेव्हापासून उन्हाळ्यात माडी भट्टीसारखी तापते आणि पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीला लोणा धरतो. काचेची कपाटे त्याच भिंतीला टेकून आहेत. आर्द्रतामापक घेतला आणि मिठाच्या पद्धतीने तपासूनही पाहिला: बाटलीच्या झाकणात मीठ किंचित ओले करून यंत्रासोबत बंद पिशवीत रात्रभर ठेवले, की आकडा ७५ टक्क्यांच्या आसपास यायला हवा. आमचे यंत्र ७३ दाखवते, म्हणजे ते फारसे चुकत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये कपाटांच्या आत ८८ ते ९२ टक्के नोंद झाली, तर जानेवारीत ती ६० पर्यंत उतरते.

आता मूळ प्रश्न. मुंबईतील ग्रामस्थ मंडळाने चार लाख रुपये देणगी दिली आहे आणि ती मे अखेरपर्यंत खर्च करायची आहे. कार्यकारी समितीचा विचार असा आहे, की दालनात दोन एसी बसवून ते दहा ते पाच चालवावेत, मोडी कागद लॅमिनेट करून घ्यावेत, ताम्रपट आणि भांडी चिंच लावून लख्ख करावीत, आणि उरलेल्या पैशांत दालनाला रंग द्यावा. समितीतील सर्व मंडळी आपुलकीने झटणारी आहेत, त्यामुळे नुसते "नको" म्हणून भागणार नाही. काय करू नये आणि त्याऐवजी आधी काय करावे, हे मला कारणांसह सांगता आले पाहिजे. ज्यांनी किनारपट्टीवर असे काम केले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. वस्तू घरात का टिकल्या आणि आमच्याकडे का टिकत नाहीत, हे कळले तर पुढचे बरेच सुचेल असे वाटते.

प्रतिसाद १

सर, मी काही वर्षे एका संग्रहालयाच्या संवर्धन विभागात काम केले आहे. आपल्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण उत्तर तिथेच आहे.

चुलीवरचा माळा हा कोकणातला उत्तम कोरडा कोठार होता. रोजच्या उष्णतेमुळे तिथली हवा कोरडी राहत असे, धुरामुळे किडे दूर राहत, लाकडी पेटी आणि सुती रुमालाची घडी यांमुळे बाहेरचे चढउतार आत हळूहळू पोहोचत, आणि पोथी अंधारात असे. धुराची काजळी कागदाला हानिकारकच असते, पण रुमाल ती अडवत होता. आपण वस्तू तिथून काढून ओल्या भिंतीला टेकलेल्या बंद काचकपाटात ठेवली. भिंतीची ओल कपाटात शिरते आणि बाहेर पडत नाही. आर्द्रता दीर्घकाळ ६५ ते ७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला आणखी काही लागत नाही.

दिवसा एसी आणि रात्री बंद, ही सर्वांत घातक व्यवस्था आहे. पाच वाजता यंत्र बंद होते, बाहेरची दमट हवा फटींतून आत येते आणि गार झालेल्या धातूवर, काचेवर, कागदावर तिचे दव धरते. रोज एकदा आर्द्रता खाली आणि एकदा वर, असे झोके लाकूड आणि रंगाचे थर यांना स्थिर दमटपणापेक्षाही अधिक त्रास देतात. २०१४ साली संवर्धकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी जी मार्गदर्शक चौकट मान्य केली, तीत बहुतेक वस्तूंसाठी ४० ते ६० टक्के आर्द्रता सांगितली आहे आणि २४ तासांतील फरक १० टक्क्यांहून अधिक नसावा असेही म्हटले आहे. दापोलीच्या पावसाळ्यात संपूर्ण माडी ६० टक्क्यांवर आणणे आपल्या रकमेत शक्य नाही. एक खोली मात्र शक्य आहे.

म्हणून माझा सल्ला असा: दालनाचा विचार सध्या सोडून द्या आणि पैसे साठवणुकीच्या खोलीवर खर्च करा. बाहेरची भिंत कमीत कमी असलेली, आतली एखादी बारा बाय चौदाची खोली निवडा. तिच्या खिडक्या आणि फटी नीट बंद करा, पत्र्याखाली उष्णतारोधक छत घाला आणि त्यात एक चांगले डिह्युमिडिफायर (हवेतील ओल काढणारे यंत्र) जून ते ऑक्टोबर अहोरात्र चालवा. पाण्याची नळी थेट बाहेर काढा, म्हणजे भांडे भरून यंत्र बंद पडणार नाही. वीज जाईल हे धरूनच चाला. त्यासाठी वस्तू डब्यांत आणि पेट्यांत असल्या पाहिजेत, म्हणजे काही तासांत आतली हवा बदलत नाही. एका अर्थी आजींची पेटी आणि रुमाल परत आणायचा आहे. रुमाल बिनखळीच्या, धुतलेल्या सुती कापडाचा घ्या. रॅक पावडर कोटिंग केलेल्या लोखंडाचे असावेत, प्लायवुडचे नकोत, कारण त्यातून आम्लवाफा निघत राहतात. सर्वांत खालचा खण जमिनीपासून वीतभर वर आणि रॅक भिंतीपासून वीतभर दूर ठेवा.

या सगळ्याच्या आधी मात्र पन्हळी साफ करा, पश्चिमेच्या भिंतीवर पडणारे पागोळ्यांचे पाणी दूर न्या आणि जमल्यास त्या भिंतीचा ऑइलपेंट खरवडून चुन्याचा हात द्या, म्हणजे जांभा श्वास घेऊ शकेल. समितीला रंगच द्यायचा असेल, तर तो हा द्यावा.

लॅमिनेशनला ठाम नकार द्या. ते परत काढता येत नाही, आणि उष्णता व चिकटद्रव्य यांमुळे कागद कायमचा बिघडतो. मोडी कागदांना आम्लमुक्त फोल्डर आणि पेट्या पुरेशा आहेत.

ताम्रपटावरची फिकट हिरवी भुकटी ही नेहमीची राप नाही. खाऱ्या हवेतील क्लोराइडमुळे तांब्याला लागणारा तो चालू रोग आहे आणि दमट हवेत तो वाढत जातो. चिंच, लिंबू, पीतांबरी यांतले काहीही लावू नका. आम्लाने अक्षरांच्या कडा झिजतील आणि रोग तसाच राहील. ताम्रपट आजच वेगळ्या हवाबंद डब्यात, कोरड्या सिलिका जेलसोबत (ओल शोषणाऱ्या दाण्यांसोबत) ठेवा आणि आत आर्द्रता ३५ टक्क्यांच्या आसपास टिकेल असे पाहा. जेल नारिंगी रंगाचे घ्या. निळ्यात कोबाल्टचे क्षार असतात आणि ते आरोग्यास घातक आहेत. जेलचा रंग बदलला की १२० अंशांवर काही तास तापवून ते पुन्हा वापरता येते. पुढची प्रक्रिया प्रशिक्षित संवर्धकाकडूनच व्हावी.

प्रतिसाद २

मी मालवणकडची. आमच्या घराण्यातील पोथ्यांत वेखंड आणि लवंगा ठेवण्याची पद्धत होती, आणि दसऱ्यानंतर त्या उन्हात घालत. तलवारींना शस्त्रपूजनाच्या वेळी खोबरेल लावत असू. यातले काही संग्रहालयात चालेल का? डांबरगोळ्यांविषयीही कोणी सांगावे, कारण आमच्याकडे त्या सर्रास टाकतात.

प्रतिसाद १ (पुन्हा)

ताई, वेखंडाची पुरचुंडी पेटीच्या कोपऱ्यात चालेल. तिचा कागदाला स्पर्श होऊ नये आणि दर वर्षी ती बदलावी, नाहीतर वेखंडालाच कीड लागते. थेट ऊन नको, त्याने शाई आणि रंग उडतात. सावलीत, कोरड्या वाऱ्याच्या दिवशी पाने मोकळी करावीत. खोबरेल काही महिन्यांत खवट होते, त्यातून आम्ल तयार होते आणि धूळ चिकटते. त्याऐवजी गंज कोरडा साफ करून सूक्ष्मस्फटिकी मेणाचा (मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्सचा) पातळ हात द्यावा. पूजेचे गंध आणि कुंकू लावायचे असेल, तर ते म्यानाच्या पुढ्यात ठेवलेल्या सुपारीला लावावे, पात्याला नको. डांबरगोळ्या बंद करा. कीड मारण्याइतकी वाफ सतत उघडबंद होणाऱ्या कपाटात साठत नाही, आणि रोज तिथे काम करणाऱ्या माणसाला मात्र ती बाधते.

कसरीसाठी कोकणात एक सोय हाताशी आहे. वस्तू पॉलिथिनमध्ये हवाबंद गुंडाळून उणे २० अंशांवर आठवडाभर ठेवली, की किडा आणि अंडी दोन्ही मरतात. मासळी आणि आंब्याच्या गरासाठी असे शीतकपाट बंदरावर असतेच. नवे किंवा स्वच्छ केलेले कपाट वापरा आणि बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडू नका, नाहीतर दव धरेल. कोरडे कागद, कापड आणि साधे लाकूड यांना हे चालते. गंजिफांसारख्या रंग आणि लाखेच्या वस्तूंवर विचारल्याशिवाय करू नका.

धागाकर्ता

आपले उत्तर मी छापून समितीपुढे वाचले. लॅमिनेशन आणि चिंच हे दोन्ही विषय पाच मिनिटांत संपले. एसीवर बरीच चर्चा झाली, कारण देणगीदारांना काही दिसणारे हवे असते, आणि ती भावना मला चुकीची वाटत नाही. शेवटी असे ठरले, की चार लाखांपैकी तीन लाख खोली, छत, यंत्र आणि रॅक यांवर खर्च करायचे आणि उरलेल्या रकमेत दालनातील दोनच कपाटे आतल्या भिंतीला हलवून नीट करायची. दर तीन महिन्यांनी त्यांतील वस्तू बदलू, म्हणजे कोणतीही वस्तू फार काळ उजेडात राहणार नाही.

आता दोन शंका. पहिली, ६०० वस्तू नव्या खोलीत हलवताना गोंधळ होऊ नये यासाठी कोणती पद्धत वापरावी? दुसरी, चिकटलेल्या पोथ्या मी वाफ देऊन सोडवू का?

प्रतिसाद १

दुसऱ्याचे आधी: अजिबात नको. काजळीची शाई वाफेने फुटते, आणि चिकटलेल्या जागी अक्षरे समोरच्या पानावर उमटतात. त्या दोन पोथ्या वेगळ्या कोरड्या पेटीत ठेवा, बुरशी असलेल्या वस्तू हाताळताना एन-९५ मास्क घाला आणि त्यांना दालनात झटकू नका. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे, पुण्यात भांडारकर संस्थेला हस्तलिखितांचा मोठा अनुभव आहे, आणि लखनौची राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळा प्रशिक्षणही देते. छायाचित्रांसह पत्र लिहा. पोथी पाठवण्याआधी लेखी स्थितिनोंद करा.

हलवण्यासाठी सांस्कृतिक वारशाच्या जतनासाठी काम करणाऱ्या रोमच्या इक्रोम या आंतरराष्ट्रीय संस्थेने लहान संग्रहालयांकरिता री-ऑर्ग ही पद्धत तयार केली आहे. तिच्या दोन कसोट्या मला फार उपयोगी पडल्या: कोणतीही वस्तू तीन मिनिटांत सापडली पाहिजे, आणि ती काढण्यासाठी दोनपेक्षा जास्त वस्तू हलवाव्या लागू नयेत. आधी प्रत्येक खणाला क्रमांक द्या, मग नोंदवहीत वस्तूसमोर खणाचा क्रमांक लिहा आणि मगच वस्तू उचला. कागदावर क्रमांक मऊ पेन्सिलीनेच घाला. हे काम ताईंच्या रोजच्या दोन तासांत दोन महिन्यांत होईल. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या वाचनालयाची जी हानी झाली ती आपण जाणताच, म्हणून नोंदवहीची छायाप्रत गावाबाहेर कोणाकडे तरी आजच ठेवा.

धागाकर्ता

मनापासून आभार. नोंदवहीची प्रत माझ्या मुलीकडे पुण्याला पाठवली आहे आणि ताईंनी खणांना क्रमांक द्यायला सुरुवात केली आहे. पोथीबाबत पत्र लिहून तयार आहे. ते पाठवण्याआधी उद्या आजींकडे जाणार आहे. दानपत्रानुसार पोथी वाचनालयाची झाली असली, तरी ती गावाबाहेर न्यायची तर त्यांना विचारूनच न्यावी असे मला वाटते. आणि तिच्यासाठी त्यांच्या माळ्यावरची जुनी पेटी अजून असेल, तर तीही मागून आणीन.