मदत हवी आहे: अमेरिकी लष्कराच्या भरतीचे आकडे कसे तपासायचे?

मित्राशी वाद पेटलाय. २०२२ च्या आर्थिक वर्षात अमेरिकी लष्कराचं उद्दिष्ट ६०,००० होतं, सुमारे १५,००० जण कमी पडले. २०२४ मध्ये मात्र 'उद्दिष्ट पूर्ण'! पण ते होतं ५५,०००; आदल्या वर्षी ६५,०००. दोरीच खाली घेतली की उडी उंच दिसणारच.

पेंटागॉनची पत्रकं चाळली. लक्ष्य, भरती, टक्केवारी, बस्स. सही करून प्रशिक्षणाची वाट बघत घरी थांबलेले वेगळे मोजतात, हे ठाऊक आहे. राखीव दलं नकोत, राजकारण तर नकोच.

पहिला करार संपण्याआधी किती जण बाहेर पडतात, हे वर्षवार कुठे मिळेल? आणि टिकून राहण्याच्या टक्केवारीत छेदस्थानी काय असतं: लष्करानेच ठरवलेलं लक्ष्य, की करार संपत आलेले सगळे सैनिक?